वाचा, पण खाडाखोड नको!

मंडळी, स्मरणिकेत पाककृती आणि प्रवासवर्णनांच्या पंगतीत सी भाषेवरचा लेख म्हणजे श्रीखंडात मिरची! पण आपल्यातले बरेचजण रविवार ते गुरुवार संगणकापुढेच असतात, म्हणून हे धाडस.

काही वर्षांपूर्वी इथे शर्कमधल्या एका कार्यालयात ग्राहकांची नावे पडद्यावर अचानक कॅपिटल अक्षरांत दिसू लागली. तीन दिवस आम्ही हैराण! लायब्ररीतले एक फंक्शन नावाचा पॉइंटर देत असे. रिपोर्टवाल्याने छपाईसाठी त्याच जागेवर अक्षरे मोठी केली. साठा सामाईक, त्यामुळे नाव सगळीकडे बदलले. ‘यात बदल करू नये’ अशी सूचना मॅन्युअलमध्ये होती म्हणे. फंक्शनच्या घोषणेत ‘कॉन्स्ट’ हा एक शब्द असता, तर कंपायलरनेच हटकले असते.

हा शब्द सी++ कडून सीमध्ये आला आणि १९८९ च्या एएनएसआय प्रमाणात बसला. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून काम अर्धेच झाले. ‘स्ट्रचर’ हे अक्षर शोधणारे फंक्शनच बघा. ते मजकूर कॉन्स्ट म्हणून घेते आणि सापडलेल्या अक्षराचा पॉइंटर कॉन्स्टशिवाय परत देते. म्हणजे ग्रंथालयात ‘पुस्तकात खुणा करणार नाही’ अशी सही घ्यायची आणि हवे ते पान उघडून देताना हातात पेन्सिलही द्यायची! सी++ ने दोन वेगळी रूपे देऊन हे निस्तरले. सीमध्ये दुरुस्ती यायला २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले सी२३ प्रमाण उजाडावे लागले.

पायथनची स्ट्रिंग बदलता येत नाही, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. तरीही तिची यूटीएफ-८ अक्षरे सी प्रोग्रामला देणारे फंक्शन साधा ‘चार’ पॉइंटरच देत असे. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत तिथे कॉन्स्ट लागला. मग जुन्या सी प्रोग्रामांत वॉर्निंग, आणि सी++ मध्ये तर कंपाइलच होईना. अशा वेळी अनेकजण सरळ कास्ट करून मोकळे होतात. मांजर डोळे मिटून दूध पिते, त्यातलाच प्रकार.

माझ्या मते सुरुवात नुसते वाचणाऱ्या फंक्शनांच्या पॅरामीटरपासून करावी. तिथे साध्या पॉइंटरला कॉन्स्ट लावल्याने हाक मारणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. (फंक्शन-पॉइंटरवाल्यांना तेवढा त्रास होतो.) परत मिळणारे पॉइंटर मोठ्या आवृत्तीसोबत बदलावेत.

त्या कार्यालयात आम्ही तेच केले. वॉर्निंगची लांबलचक यादी आली. त्यातल्या दोन खऱ्या चुका निघाल्या, एक माझीच होती.