वाचवणे आणि सांभाळणे : जुन्या रेल्वेडब्यांच्या निमित्ताने

रेल्वेविषयीच्या लेखनात नायकाचे स्थान इंजिनाला मिळाले, यात आश्चर्य नाही. इंजिन धगधगते, धापा टाकते, शीळ घालते. त्याला नाव असते आणि चालकाच्या लेखी स्वभावही असतो. डबा बिचारा मुका. त्याला कोणीतरी ओढून न्यावे लागते. वस्तुतः प्रवासी म्हणून आपला सारा संबंध डब्याशीच येतो. खिडकीची जागा, लाकडी बाकाचा कठीणपणा, शेजाऱ्याच्या डब्यातील दशम्यांचा वास, हे सगळे डब्यातले. तरीही लेखकांनी डब्याकडे पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले. या उपेक्षेचा परिणाम वाङ्मयापुरता राहिला असता तर तक्रारीचे कारण नव्हते. परंतु आपण जुन्यापैकी काय जतन करतो आणि जतन म्हणजे काय समजतो, यावरही तो होत असतो. ब्रिटनमधील स्वयंसेवी रेल्वे-जतनाच्या आरंभकाळातील दोन कृतींच्या आधारे हा मुद्दा तपासावासा वाटतो. एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ हे पुस्तक आणि ईलिंग स्टुडिओचा ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा चित्रपट, या त्या दोन कृती. दोन्ही १९५३ सालच्या.

प्रथम पार्श्वभूमी. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे ही सव्वादोन फूट रुंदीची आणि सुमारे सव्वासात मैल लांबीची चिमुकली रेल्वे. पाटीच्या दगडाची वाहतूक करण्यासाठी ती १८६५-६६ मध्ये उभी राहिली. १९४६ मध्ये खाण बंद पडली. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून ही रेल्वे सुटली होती. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी तोटा सोसून ती चालू ठेवली. १९५० मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅम येथे एक सभा भरली, तीतून रक्षण-संस्था स्थापन झाली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या बळावर पहिली गाडी धावली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातील पहिली रेल्वे. पहिले दोन हंगाम तिचे व्यवस्थापक असलेले रोल्ट यांनी त्या अनुभवावर हे पुस्तक लिहिले.

रोल्ट पेशाने अभियंते होते आणि ते त्यांच्या गद्याला उपकारक ठरले आहे. गतकाळाविषयीची हळहळ त्यांच्या लेखनात आहे, पण ती कुजलेल्या स्लीपरांवरून, गवतात बुडालेल्या रुळांवरून पाय घसरू न देता चालते. पहिल्या हंगामाचा जवळजवळ सारा भार एका ‘डोल्गॉख’ इंजिनावर पडला होता. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी पंचवीस पौंडांना मिळाली, तेव्हा कोठे पुढची आशा दिसू लागली. हे सारे वाचताना आपणही उद्या गाडी सुटेल की नाही या काळजीत पडतो. लेखकाचे हे यश निःसंशय मोठे आहे.

मात्र पुस्तकाची बांधणी त्याच्या शीर्षकातच आहे. साहसकथेला संकट लागते, नायक लागतो आणि सुटकेचा क्षण लागतो. गाडी धावली की साहस सुफळ संपूर्ण होते. १९५१ च्या परिस्थितीत ही मांडणी योग्यच होती, कारण रूळ आणि इंजिन यांवाचून बाकी सर्व व्यर्थ होते. दोष रोल्ट यांचा नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी या साच्यालाच जतनाचे पूर्ण चित्र मानले, ही अडचण आहे. ‘वाचवणे’ या क्रियापदाला शेवट असतो. ‘सांभाळणे’ या क्रियापदाला तो नसतो, आणि म्हणून त्याची कथा होत नाही.

ही त्रुटी टॅलिलिनच्याच डब्यांकडे पाहिले की ध्यानात येते. या रेल्वेचे आरंभीचे चार प्रवासी डबे आणि गार्डचा एक डबा आजही त्याच मार्गावर वापरात आहेत. रेल्वे बांधून झाल्यावर १८६६ मध्ये सरकारी निरीक्षकाला आढळले की पुलांखाली डबा आणि भिंत यांमधील जागा फारच अपुरी आहे. पूल पाडून बांधणे परवडणारे नव्हते. मग पुलाखालचे रूळ एका अंगाला सरकवले आणि डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करून टाकली. गार्डच्या डब्याला तिकिटे विकण्याची खिडकी आहे. मधल्या स्थानकांवर गार्डच तिकीटमास्तर होत असे. एक चूक, तीवर काढलेली एक काटकसरी तोड आणि एका गरीब रेल्वेची व्यवहारबुद्धी, असा इतिहास त्या लाकडात साठलेला आहे. बंद दार ‘दुरुस्त’ करून उघडे करणारा सुतार कितीही कुशल असला, तरी त्याने या डब्याचा अर्थच पुसला असता.

आता चित्रपट. टी. ई. बी. क्लार्क यांची पटकथा आणि चार्ल्स क्रिक्टन यांचे दिग्दर्शन लाभलेली ही विनोदी कथा टॅलिलिनच्याच प्रेरणेतून निघाली. गावची शाखा-रेल्वे बंद होऊ नये म्हणून गावकरी ती स्वतः चालवतात, बसवाले घातपात करतात, आणि अखेर संग्रहालयातले पुरातन इंजिन बाहेर काढून गाव आपली गाडी धावती ठेवते. त्या इंजिनाची भूमिका केली ‘लायन’ या १८३८ च्या खऱ्या इंजिनाने, आणि ते आज लिव्हरपूलच्या संग्रहालयात मानाने उभे आहे. इंजिन मिळाले, पण डबा कोठून आणायचा? गावातला डॅन नावाचा इसम एका जुन्या डब्याच्या सांगाड्यात राहत असतो. त्याचे ते घरच उचलून उघड्या वाघिणीवर बांधले जाते. प्रेक्षक हसतो आणि गोष्ट पुढे धावते. त्या घराचे आणि त्यात गेलेल्या वर्षांचे काय, हा प्रश्न चित्रपट क्षणभरही रेंगाळू देत नाही. इंजिनाला संग्रहालयाचा पूर्वेतिहास आहे. डबा मात्र केवळ सोय आहे.

योगायोगाने हा विनोदी प्रसंग वास्तवाच्या फार जवळचा आहे. ब्रिटनमध्ये निकालात काढलेल्या लाकडी डब्यांचे सांगाडे विकले जात, आणि चाके व खालची चौकट रेल्वेकडे राही. कोणी त्यात संसार थाटला, कोणी समुद्रकाठी सुटीचे घर केले, कोणी कोंबड्या पाळल्या. पुढे स्वयंसेवकांनी हेच सांगाडे शोधून आणले. आइल ऑफ वाइट येथील वाफेच्या रेल्वेवर असे कित्येक डबे दुसऱ्या गाड्यांच्या चौकटी कापून, त्यांवर बसवून पुन्हा धावते केले गेले. ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे आणि यॉर्कशायरमधील इंग्रो येथील व्हिंटेज कॅरेजेस ट्रस्ट यांनीही या कामाला वाहून घेतले आहे.

हे काम कसे चालते, ते पाहिले तर साहित्याच्या अभ्यासकाला आपलेच शास्त्र आठवेल. रंग खरवडताना एकाखाली एक थर निघतात. एका कंपनीच्या रंगाखाली तिच्या आधीच्या कंपनीचा रंग, त्याखाली जुना क्रमांक. कुजलेला भाग तेवढाच कापून नवे लाकूड जुन्याला सांध्याने जोडायचे, की पूर्ण खांबच बदलायचा? डबा कोणत्या सालचा करायचा, बांधला तेव्हाचा की निकालात निघाला तेव्हाचा? ही पाठचिकित्सा आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा मूळ कोणते आणि मागून आलेले कोणते हाच प्रश्न होता. फरक एवढाच की चिकित्सक आवृत्तीत वगळलेला पाठ तळटीपेत जिवंत राहतो. डब्याला तळटीप नसते. तो १८९० सालचा केला, की भिंतीवरचा संसारी कागद, चुलीचा काळा डाग आणि मुलांच्या उंचीच्या खुणा कचऱ्यात जातात. प्रथमवर्गाचे मखमली आसन परत येते. त्याच डब्यात चाळीस वर्षे राहिलेले गरीब कुटुंब मात्र प्रक्षिप्त ठरते. या चळवळीच्या सौंदर्यदृष्टीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

जीर्णोद्धाराविषयीची शंका नवी नाही. रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात त्या कल्पनेवरच प्रहार केला. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तीही याच भूमिकेतून. वेळच्या वेळी निगा राखली तर जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाही, हे दोघांचेही सांगणे होते. लाकडी डब्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. छपराच्या फळ्यांवर ताणून बसवलेल्या कॅनव्हासला एक चीर गेली की पाणी आत शिरते आणि सांध्यात मुरते. वरून रोगण चमकत असते आणि आत लाकूड भुसभुशीत होत असते. दहा वर्षांपूर्वी समारंभाने लोकार्पण झालेला डबा पुन्हा कार्यशाळेत येतो. या वेळी समारंभ नसतो. शनिवारी येऊन दिवसभर एकच दार घासणारा माणूस कोणत्याही चित्रपटाचा नायक होणार नाही.

मग या सांभाळण्याचे वाङ्मय कोठे आहे? ते या संस्थांच्या स्वतःच्या वार्तापत्रांत आहे. टॅलिलिनच्या संस्थेचे ‘टॅलिलिन न्यूज’ हे त्रैमासिक त्याचे ठळक उदाहरण. कोणत्या डब्याचे काय काम झाले आणि काय राहिले, याची कोरडी नोंद अशा पत्रांत असते. वाङ्मयीन निकषांवर हे गद्य सामान्य ठरेल. परंतु डब्याला जी तळटीप नसते असे वर म्हटले, ती येथे लिहिली जाऊ शकते. म्हणून ‘रेल्वे ॲडव्हेंचर’चे गुण मान्य करूनही या चळवळीचा अधिक विश्वसनीय ग्रंथ म्हणजे ही विखुरलेली पत्रे, असे मला वाटते.

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. ग्वाल्हेर संस्थानच्या दोन फुटी रेल्वेची श्योपूरपर्यंतची सुमारे दोनशे किलोमीटरची वाट १९०९ मध्ये पूर्ण झाली. २०२० मध्ये ती गाडी थांबली आणि मार्ग रुंदीकरणात गेला. जयविलास महालात मात्र माधवराव शिंद्यांची, जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला मिळते. बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा सलून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. राजाचा डबा आणि राजाचे खेळणे टिकले, याचा आनंदच आहे. पण श्योपूरच्या गाडीत जागा धरून बसलेल्या सामान्य प्रवाशांच्या डब्याचे काय? आपल्याकडे रेल्वे सरकारी आहे, स्वयंसेवकाने हातोडी घेऊन आत जाण्याची सोय नाही. फार तर एखादे इंजिन स्थानकासमोर चौथऱ्यावर चढते आणि आपण जतन झाले असे समजतो.

निदान तळटीप लिहिणे आपल्या हाती आहे. त्या गाडीतून वर्षानुवर्षे प्रवास केलेली, तिच्या कारखान्यात सुतारकाम, रंगकाम केलेली माणसे आपल्या घरांतून अजून आहेत. बाक कसे होते, खिडकी कशी लागत असे, पावसाळ्यात छप्पर कोठे गळत असे, ते कोण आणि कशाने बुजवीत असे, एवढे जरी कोणी लिहून ठेवले तरी ते या विषयातील मोलाचे लेखन ठरेल. त्याला साहसकथेची ऐट नसेल. परंपरेने ग्रंथालये आणि मंडळे चालवणाऱ्या आपल्यासारख्या घराण्यांना तिची गरजही भासू नये. वर्गणी गोळा करणे, पुस्तकांना वाळवी लागू न देणे आणि दिवाबत्ती वेळेवर करणे, यालाच आपले पूर्वज संस्था चालवणे म्हणत असत.