कोयता नेमका कुणाचा?

फोनवर 'कोयता' टाइप करून बघा. आधी पुण्यातल्या 'कोयता गँग'च्या बातम्या येतील. मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत रोज चालणारा कोयता दिसायला बरंच खाली जावं लागेल.

तलवारींबाबत आपण किती काटेकोर असतो! धोप लांब आणि सरळ, फिरंगेचं पातं मूळचं युरोपातलं, पट्ट्याला हात झाकणारी लोखंडी मूठ. यातलं एक नाव चुकलं की रीलखाली भांडणं होतात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त तर शस्त्रांच्या नावांचा वेगळा वर्गच आहे. अवजारांच्या वाट्याला हा काटेकोरपणा येत नाही.

एकाच पात्याला गावोगावी वेगळं नाव असणं, हा गोंधळ साधा आहे. आपली विळी गोव्यात 'आदोळी' होते. जग ज्याला फिलिपिन्सचा 'बोलो' म्हणतं, त्याला तागालोग बोलणारे 'इताक' म्हणतात आणि विसाया बेटांवरचे लोक 'सुंदांग'. यात कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते उलट झालं की: नाव एक आणि वस्तू अनेक. शहाळं तासणारा, फांदी छाटणारा, ऊस तोडणारा, सगळे कोयतेच. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचलही त्याच हिशेबाने मिळते. दोन माणसांची सहा महिन्यांची मेहनत एका पात्याच्या नावात बसवलेली असते.

आणि बातम्यांनी याच शब्दाला 'गँग' जोडली. हल्ला कोयत्याने झाला असेल तर तसं जरूर लिहावं. पण टोळीचं नावच कोयता ठेवलं की शब्दातलं काम पुसलं जातं आणि भीती तेवढी उरते. मग कमरेला कोयता अडकवलेला वाडीतला माणूस एसटीत चढला की शहरातून आलेला पाहुणा दचकतो. तो माणूस मात्र माडावरून उतरून घरी चाललेला असतो.

धोप की फिरंग, हा वाद जरूर घालू. पण ज्या पात्यावर आजही घरं चालतात, त्याचं नाव घेताना ते कुणाच्या हातात आहे, एवढं तरी बघू.