बरोबर उत्तराची शिक्षा : ‘चांदोबा’तल्या वेताळकथांचं रसग्रहण

‘चांदोबा’ मासिकातलं एक चित्र मराठी वाचकांच्या किमान तीन पिढ्यांना पाठ आहे. काळोखी रात्र, वेडावाकडा वठलेला वृक्ष, पायाखाली कवट्या, आणि त्यातून चाललेला विक्रम राजा. एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत. दर महिन्याला वेताळकथेच्या माथ्यावर हेच चित्र असायचं. गोष्ट नवी, चित्र जुनंच. तरी ते पाहिल्याशिवाय कुणी पुढे वाचलं असेल असं मला वाटत नाही.

हे चित्र शंकर यांचं. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. 1924चा जन्म, मद्रासच्या कलाशाळेत शिक्षण. 1950च्या दशकात ते या मासिकात आले आणि उभं आयुष्य तिथंच रमले. 2020मध्ये ते गेले, आणि 2021मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ‘चांदोबा’ निघायचा तोही मद्रासहूनच. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं. मराठी आवृत्ती 1952 सालची. याच जोडीने 1957मध्ये ‘मायाबाजार’सारखा चित्रपट काढला. अद्भुत गोष्ट डोळ्यांपुढे कशी उभी करायची, हे त्या घराला नीट ठाऊक होतं.

चित्राकडे जरा निरखून बघा. भयाची सगळी सामग्री तिथं हजर आहे, पण राजाच्या अंगात भीती नाही. पाऊल लांब पडलंय, पाठ ताठ आहे. प्रेताचं वजन जाणवतं, पण त्या वजनाखाली माणूस वाकलेला नाही. तलवार हातात आहे खरी, पण ती चालवायची कुणावर? खांद्यावरच्या शत्रूला तलवार लागत नाही, त्याला लागते ती बुद्धी. शंकर यांनी हे एका रेखाटनात सांगून टाकलं आहे. अख्ख्या चित्रात राजाचं शस्त्र हीच एक निरुपयोगी वस्तू आहे, आणि तरीही ती त्याच्या हातात शोभते.

आता कथेची चौकट पाहू. राजाने एका भिक्षूला शब्द दिलाय, झाडावरचं प्रेत स्मशानात आणून देईन म्हणून. अट एकच, वाटेत बोलायचं नाही. प्रेतात शिरलेला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो आणि दुसरी अट घालतो : उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो. मौन मोडतं. वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर.

लहानपणी मला यातली फक्त गंमत दिसायची. पुढे या दोन अटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा रचनेची खोली कळली. राजा अडाणी असता तर पहिल्याच फेरीत त्याचं काम फत्ते झालं असतं. उत्तर येत नाही, म्हणून गप्प. गप्प, म्हणून प्रेत थेट स्मशानात. त्याला पुन्हा पुन्हा मागे फिरायला लावतं ते त्याचं शहाणपणच. दर वेळी तो बरोबर उत्तर देतो आणि त्याचीच शिक्षा भोगतो. शाळेत बरोबर उत्तराला गुण मिळायचे. इथं बरोबर उत्तर दिलं की केलेली सगळी वाट वाया जायची. तरी ठाऊक असलेलं खरं गिळून आपलं काम उरकून घ्यावं, असं राजाला एकदाही वाटत नाही. मुलांच्या मासिकाने दर महिन्याला हा धडा दिला, आणि तोही धडा न म्हणता.

ही चौकट ‘चांदोबा’ची नव्हे. ती ‘वेतालपंचविंशती’ची, आणि अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती सविस्तर आली आहे. तिथं राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मद्रासहून पोस्टाने येणारा हा राजा मुळात आपल्याच नदीकाठचा, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मूळ पंचविशीतली एक कथा घेऊ. मंदारवती नावाच्या मुलीला तिघांची मागणी येते. लग्न ठरण्याआधीच ती मरते. एक तिच्या चितेच्या राखेवर अंथरूण घालून तिथंच राहतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो आणि कुठूनशी संजीवनीची पोथी मिळवून परततो. मंत्राने मुलगी उठते. मग ती बायको कुणाची? आपण सगळे पटकन म्हणणार, जिवंत केलं त्याची. राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला. अस्थी गंगेत नेल्या तो मुलगा झाला. राखेला कवटाळून राहिला तोच नवरा. निकाल कानावर पडतो आणि क्षणभर काही सुचत नाही. पराक्रम एकाचा, पुण्य दुसऱ्याचं, पण हक्क मात्र सोबत न सोडणाऱ्याचा. प्रेम म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर तीन वाक्यांत कुठं सापडेल?

मूळ ग्रंथातल्या शेवटच्या गोष्टीत एका बापाचं लग्न एका परक्या मुलीशी आणि त्याच्या मुलाचं तिच्या आईशी होतं. त्यांना झालेली मुलं एकमेकांची कोण, असं वेताळ विचारतो. राजाला उत्तर सुचत नाही. तो चालत राहतो. त्या गप्प चालण्यावर वेताळ प्रसन्न होतो आणि राजाच्या जिवावर उठलेल्या भिक्षूचा कपटी डाव उघड करतो. म्हणजे तेवीस वेळा ज्ञानाने हरलेला राजा जिंकतो तो ‘मला ठाऊक नाही’ या प्रामाणिकपणावर. ‘चांदोबा’च्या लेखकांनी मूळ गोष्टी संपल्यावर याच चौकटीत शेकडो नव्या गोष्टी रचल्या. 1952 ते 1980 संपादनाची धुरा वाहणारे तेलुगू साहित्यिक कोडवटिगंटी कुटुंबराव यांच्या काळात हा साचा पक्का झाला. मासिक चालायचं तर राजाने निरुत्तर होऊन चालणार नव्हतं. म्हणून ती शेवटची गोष्ट दशकानुदशकं लांबणीवर पडत राहिली.

माझं वाचन शाहूवाडी तालुक्यातलं. मलकापूरच्या बाजारातून, बहुतेक वेळा जुने आणि कव्हर निघालेले अंक घरात यायचे. आंबा, गजापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. अशा अंधारात वेताळकथा वाचताना ते रान परकं वाटत नसे. आमच्याच तालुक्यात विशाळगड आहे, पावनखिंड आहे. जुलै 1660च्या त्या रात्री पन्हाळ्याहून भर पावसात शिवाजी महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन मावळे याच रानातून धावले. त्यामुळे खांद्यावर भार, पायाखाली चिखल आणि मनात दिलेला शब्द, हे दृश्य इथल्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

वेताळाचंही तसंच. घाट उतरून कोकणात गेलं की वेताळ हा गावचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो, वहाणा झिजतात, ही श्रद्धा. ‘चांदोबा’तला वेताळही नुसता घाबरवणारा नाही. तो राजाची परीक्षा घेतो आणि मूळ कथेत तर शेवटी त्याचा जीव वाचवतो. आपल्या लोकमनाला हा वेताळ आधीपासून ओळखीचा होता.

आज मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलांना ही चौकट चटकन कळते, हे मी पाहिलं आहे. हरलास की पुन्हा त्याच जागेवरून सुरू. झाड हीच ती जागा. पण एक फरक सांगितला की ती थबकतात. गेममध्ये चुकलं की मागे जावं लागतं, इथं बरोबर आलं की मागे. मग प्रश्न येतो : तो मुद्दाम चुकीचं का नाही सांगत? या एका प्रश्नावर तासभर बोलता येतं. एवढी ताकद ज्या गोष्टीत आहे ती जुनी कशी म्हणायची?

म्हणूनच तिची आजची दशा पाहून जीव तुटतो. 2007मध्ये मासिक मुंबईच्या एका तंत्रज्ञान कंपनीकडे गेलं. जुने अंक संकेतस्थळावर आले तेव्हा आम्हा चाहत्यांना आकाश ठेंगणं झालं. पुढे छपाई थांबली, कालांतराने ते संकेतस्थळही बंद पडलं. व्हिडिओंवर वेताळ भरपूर सापडतो, पण तिथं प्रश्न विचारून होतो न होतो तोच उत्तर येतं आणि मागून ढणढण संगीत. छापील पानावर प्रश्नानंतर आपण थांबायचो, बोट ओळीवर ठेवून स्वतःचा निकाल द्यायचो, मग राजाचा वाचायचो. त्या थांब्यातच वेताळकथेचा सगळा रस आहे. एका ऑनलाइन सेवेवर मी पैसे भरून जुन्या गोष्टींचे संच घेतले होते; सेवा गुंडाळली गेली आणि विकत घेतलेली पुस्तकं रातोरात दिसेनाशी झाली. तक्रार करायला पत्तासुद्धा उरला नाही. आडगावच्या वाचकाला दुकान दूर, ग्रंथालय दूर. त्याच्यासाठी ऑनलाइन हाच आधार असतो, आणि तोच असा बेभरवशाचा निघतो.

‘चांदोबा’त उणिवा होत्या. अनुवादाची मराठी कधी कधी कुठल्याच गावची वाटत नसे. राजे, व्यापारी, सोनार यांची तीच ती नगरं फिरून यायची. अनेक गोष्टींवर लेखकाचं नावही नसे. तरी वाचणाऱ्या मुलाला न्यायाधीशाच्या जागी बसवणारं दुसरं सदर मराठी बालवाचनात मला आठवत नाही. त्या एका गुणावर ते टिकायला हवं.

त्यासाठी कंपन्यांच्या तोंडाकडे बघत बसू नये. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत जुने ‘चांदोबा’ असतील तर रद्दीत घालू नका. गावातल्या वाचनालयाला द्या, शाळेला द्या; कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या 1850पासून पुस्तकं जपणाऱ्या संस्थांना विचारून बघा. आणि देण्याआधी घरातल्या एखाद्या मुलाला एक वेताळकथा मोठ्यांदा वाचून दाखवा. प्रश्नापाशी थांबा, आणि आधी त्याचं उत्तर ऐकून घ्या.