व्हिंटेज हाय, काका!

मोटारसायकलच्या किमतीचं शास्त्र आमच्या शाहूपुरीत फारच पुढं गेलंय. चालू गाडीला एक भाव, आणि बंद गाडीला त्याहून जास्त. कारण ती म्हणे ‘हात न लागलेली’! परवा एका पोरानं बोळातली येझदी दाखवली. सीट फाटलेली, बॅटरी गायब.

“दोन लाख. व्हिंटेज हाय, काका.”

“किक मार की जरा.”

“किक मारायची गाडी न्हाई ती!”

बघा म्हणजे! म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९७३पासून निघालेली ही गाडी. गिअरचाच दांडा फिरवला की त्याची किक व्हायची, हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक. १९९६ला कारखाना बंद पडला. गाड्या वाढणार नाहीत, आणि वडिलांच्या टाकीवर बसून शाळेला गेलेली पोरं आता कमावती झालीत. भाव चढणार, हे मान्य. पण सांगितलेला भाव म्हणजे आलेला भाव नव्हे! एकानं दोन लाख सांगितले की दुसरा अडीच म्हणतो. मधल्या मध्ये विकलेली गाडी एकही नसते.

ही पेठ गुळाच्या व्यापारावर वाढली. गुळाची पारख रंग बघून, कण बघून, जिभेवर खडा ठेवून होते, मग बोली. इथं खडा चाखायचाच नाही.

बरं, ‘व्हिंटेज’ कुणाला म्हणायचं हे सरकारनं २०२१ साली नियमात लिहून ठेवलंय. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी. १९८५ला आलेली आरएक्स १०० त्यात २०३५च्या आधी बसतच नाही. तरी तिचा मालक आत्ताच मिशीला पीळ देतो. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. (आमच्या ओळखीच्या बऱ्याच येझद्या हा नियम आधीपासूनच पाळत होत्या.)

मला खरी काळजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींची. कान लावून पॉइंट सेट करणारा माणूस. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही, आणि का यावा? गेल्याच आठवड्यात एक संग्राहक लाखाची जावा टेम्पोत घालून घेऊन आला. मिस्त्रींनी दोन दिवस खपून तिला बोलती केली आणि मजुरी आठशे सांगितली.

“आठशे?” साहेब दचकले. “मिस्त्री, जुनी गाडी आहे हो. जरा बघून सांगा की!”