ऐतिहासिक चित्रपटांतील सत्ता आणि कॅमेऱ्याचे स्थान

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात विद्यार्थी एक समीकरण चटकन पाठ करतात: कॅमेरा पात्राकडे खालून वर पाहत असेल तर ते पात्र सत्ताधारी, वरून खाली पाहत असेल तर ते हतबल. उत्तरपत्रिकेत या समीकरणाला गुणही मिळतात. राजे आणि दरबार यांचे चित्रण करणाऱ्या ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत ते कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या 'इव्हान द टेरिबल'च्या पहिल्या भागाचा (१९४४) शेवट प्रसिद्ध आहे. मॉस्को सोडून गेलेल्या झारने परत यावे म्हणून प्रजा बर्फ तुडवीत आली आहे. टोकदार दाढीचा इव्हानचा चेहरा एका बाजूने जवळजवळ सारी चौकट व्यापतो आणि त्याखाली, दूरवर, माणसांची नागमोडी रांग दिसते. कॅमेरा येथे इव्हानच्या पायाशी नाही. तो त्याच्या निकट उभा आहे. माणसे मुंग्यांएवढी दिसतात ती या निकटतेमुळे. सत्ता येथे कोनापेक्षा अंतरातून आणि आकारमानातून व्यक्त होते. प्रजेने बोलावल्यावरच परतायचे हा इव्हानचा डाव असल्याने त्या रांगेची गरज मात्र त्यालाही आहे.

अकिरा कुरोसावा यांच्या 'कागेमुशा'चे (१९८०) आरंभीचे दृश्य याहून संयमी आहे. एकसारख्या वेशातील तीन पुरुष बसले आहेत आणि कॅमेरा कित्येक मिनिटे जागचा हलत नाही. सरदार शिंगेन कोणता, हे मधले उंच आसन आणि त्यामागे भिंतीवर पडलेली सावली यांवरून कळते. तोतयाच्या कथेला हा तटस्थ कॅमेराच शोभतो.

के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) शीशमहालाचे नृत्य मात्र या समीकरणाची खरी परीक्षा पाहते. मुंबईच्या मोहन स्टुडिओत उभारलेल्या या आरसेमहालात दिवे आणि कॅमेरा यांचेच प्रतिबिंब पडण्याचा धोका होता, छायाचित्रणकार आर. डी. माथुर यांचे कौशल्य त्या दृष्टीनेही अभ्यासनीय आहे. दरबाराची रचना परंपरागत आहे: बादशहा आसनावर, नर्तकी समोर जमिनीवर. अनारकलीचे गाणे उघड बंडाचे आहे, तरी ती जागेने खालीच राहते. मग छताच्या आरशांत तिची असंख्य प्रतिबिंबे गिरक्या घेऊ लागतात आणि संतप्त अकबराची नजर वर जाते. ज्याच्यापुढे इतरांनी नजर खाली ठेवायची, तो स्वतः मान उंचावून एका कनिजेकडे पाहतो.

पाठ्यपुस्तकी नियमानुसार वर दिसते ती अनारकली सत्ताधारी ठरेल, आणि तसे लिहिणारा विद्यार्थी अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही. परंतु कॅमेरा वर पाहतो तो अकबराच्या जागेवरून. छतावरची ती गर्दी म्हणजे सम्राटाला जाणवलेला धोका होय. कोन तोच असला तरी तो कोणाच्या नजरेचा आहे, यावर त्याचा अर्थ बदलतो. प्रस्तुत लेखकाच्या मते समीक्षेने कोनाआधी ही नजर नोंदवावयास हवी. छताकडे पाहणाऱ्या अकबराजवळ सैन्य, तुरुंग, न्यायासन सारे शाबूत आहे. या दृश्यानंतर अनारकलीला पुन्हा कैद होते.