कवेलूपासून तळखड्यापर्यंत

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या धानपट्ट्यातल्या गावात जुने मातीचे घर दिसले, तर ते कवितेसारखे वाचावे, आणि पहिली ओळ आढ्यापासून धरावी. छपरीत खाटेवर पडून वर पाहिले की कोणाचे ओझे कोणावर आहे, ते उघड दिसते. या घराने काही झाकून ठेवलेले नसते.

सर्वांत वर कवेलू, म्हणजे कौले. ना खिळा, ना चुना. वरचे खालच्यावर टेकते आणि स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. म्हणून उताराचे माप नाजूक: उतार जास्त झाला तर कवेलू घसरतात, कमी झाला तर पाणी आत शिरते. माकडांनी धुडगूस घातला की ओळी विस्कटतात, आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरावेच लागतात. त्यांच्याखाली बांबूच्या कमच्या, मग वासे, मग आढे.

इथे मला या रचनेची खरी गंमत दिसते. उतरता वासा खालच्या टोकाने भिंतीला बाहेर रेटू पाहतो. आढे अधांतरी असेल तर दोन्ही बाजूंचे वासे पाय फाकवतात आणि मातीची भिंत फुगते. म्हणून आढ्याखाली खांब. तो खोलीच्या ऐन मध्यात येतो, खाट टाकायला अडचण करतो, पोरे त्याला धडकतात. पण त्याने आढे पेलून धरले की वाशांचा रेटा जवळजवळ संपतो. भिंतीला फक्त उभे वजन घ्यायचे उरते, आणि उभे वजन घेण्यात माती पटाईत आहे. बांधणाऱ्याने अडचण पत्करली ती समजून-उमजून.

आता खांबाचा पाय पाहू. एका खांबाच्या वाट्याला सहा चौरस मीटर छप्पर आले, आणि चौरस मीटरला 100 किलो धरले, तर 600 किलो. खांब 15 सेंटिमीटर चौरस असेल तर त्याच्या बुडाशी दर चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलोच्या आसपास दाब येतो. सागवानाला हे काहीच नाही. पण पावसात भिजलेल्या चिकण मातीला एक किलोही भारी पडतो. खांब थेट मातीत रोवला तर खचत जाईल. म्हणून खाली तळखडा. 45 सेंटिमीटर चौरस दगड ठेवला की तेच 600 किलो नऊपट जागेवर पसरतात आणि दाब एक तृतीयांश किलोच्याही खाली येतो. शिवाय लाकडाचे बूड ओलीपासून आणि वाळवीपासून दूर राहते. एवढा साधा दगड, पण मला तो सगळ्या घरातला सर्वांत विचारी भाग वाटतो.

दारावरची फळीही अशीच पाहावी. ती वरची सगळी भिंत उचलत नाही. चांगली बसलेली भिंत आपला भार कमानीसारखा दाराच्या दोन्ही बाजूंना वळवून घेते. फळीवर उरतो तो साधारण त्रिकोणी तुकडा. म्हणूनच दारालगतची भिंत कोरून कोनाडा करू नये, असे जाणते गवंडी सांगतात.

हलक्या छपराची किंमत कळते ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे झाले त्यावरून. तिथे अनेक घरांवर मातीचे जाड धाबे होते. अर्धा मीटर मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला 800 किलो, कवेलूच्या आठपट. उन्हाळ्यात हे धाबे घर थंड ठेवी. पण जमीन आडवी हलली तेव्हा मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती तो भार सांभाळू शकल्या नाहीत, आणि हजारो माणसे झोपेतच गेली. शांत उभ्या घरात भार खाली जातो. भूकंपात तोच आडवा ओढतो, आणि वजन जितके जास्त तितकी ती ओढ जबर.

आज गावोगाव स्लॅब पडतो आहे. दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला 250 किलो भरतो. तो बीमवर, बीम कॉलमवर, कॉलम फुटिंगवर: क्रम जुनाच, आणि फुटिंग हा तळखड्याचाच वारस. फरक इतकाच की सगळे प्लास्टरखाली जाते. मग वर खोली काढताना स्लॅबच्या मध्यावर, खाली बीम नसताना, विटांची भिंत चढवली जाते. जुन्या घरात असे करायला कोणी धजले नसते, कारण खाली खांब नाही हे समोरच दिसत होते. नव्या घरात ते विचारावे लागते, आणि ते विचारायची वेळ विटा उतरण्याच्या आधीची असते.