हिरव्या चौकटीबाहेरचा सह्याद्री

सह्याद्रीच्या छायाचित्रणाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. माळशेज, ताम्हिणी, भंडारदरा, आंबोली या ठिकाणी त्या काळात कॅमेऱ्यांची रांग लागते. धबधबे, धुके, भाताची खाचरे आणि कासची फुले यांची छायाचित्रे दरवर्षी ढिगाने निघतात. उरलेल्या आठ महिन्यांत हेच डोंगर पिवळे पडतात, वणव्यांनी काळवंडतात, चैत्रात तांबूस पालवी धरतात. त्याची नोंद फारच तुटपुंजी आहे. तंत्रात ही कला पूर्वी कधी नव्हती इतकी पुढे गेली आहे, पण ऋतूंच्या बाबतीत एकांगी राहिली आहे.

हिरव्याचा हा सोस तसा अलीकडचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, तेव्हाच्या कॅमेऱ्याला हिरवा रंग जवळजवळ दिसतच नसे. कलोडियन लावलेली ओली काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. त्यामुळे झाडी काळपट उमटे आणि आकाश कोरे पांढरे. ढग तर बहुधा गायबच होत. काच ओली आहे तोवर, म्हणजे काही मिनिटांतच, जवळच्या तंबूत तिच्यावर रसायनांची प्रक्रिया करावी लागे. भर पावसात घाटमाथ्यावर हे जमण्यासारखे नव्हते. १८६३ मध्ये भारतात आलेल्या सॅम्युअल बोर्नने हमालांच्या तांड्यासह हिमालयात मोहिमा काढल्या आणि देखण्या चौकटी आणल्या. मात्र त्याने हिमालय मोजला तो युरोपीय निसर्गचित्रांच्या मोजपट्टीने. ऋतू त्याच्या कामात विषय म्हणून येत नाही, अडचण म्हणून येतो.

पावसाळा जागतिक छायाचित्रणात ठसठशीतपणे आला तो १९६१ मध्ये, ‘लाइफ’ साप्ताहिकातील ब्रायन ब्रेक यांच्या मान्सून मालिकेतून. तिच्यातले सर्वांत गाजलेले छायाचित्र, पावसाकडे चेहरा करून उभ्या असलेल्या मुलीचे, प्रत्यक्षात वरून झारीने पाणी ओतून टिपलेले होते. ती मुलगी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शिका झालेल्या अपर्णा सेन. स्टीव्ह मॅकरी यांचे मान्सूनवरचे कामही माणसांभोवतीच फिरते. जमिनीचा ऋतू दोघांकडेही पार्श्वभूमीलाच राहिला. याउलट अमेरिकेत एलियट पोर्टर यांनी १९६२ मध्ये लेखक थोरो यांच्या उताऱ्यांसोबत ऋतुक्रमाने मांडलेला रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ काढला. त्यात भव्य देखाव्यापेक्षा पाचोळा, खोडांच्या साली आणि ओढ्याकाठचे दगड यांना जास्त मान आहे. मराठीत त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ आले आणि ललित गद्याने बाराही महिन्यांचा माग काढला. त्याच्या तोडीचे काम मराठी छायाचित्रणात अजून उभे राहिलेले नाही.

जे उभे राहिले ते प्रामुख्याने किल्ल्यांचे दस्तऐवजीकरण. गोपाळ बोधे यांची हवाई छायाचित्रे आणि उद्धव ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक यांमुळे माची, बालेकिल्ला, तटबंदी आणि डोंगरसोंडा यांचे परस्परांशी असलेले नाते प्रथमच सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर आले. ड्रोन आल्यावर ती दृष्टी स्वस्त झाली आणि पाहता पाहता सरधोपटही. धुक्यातून डोके काढणारा सुळका, वळणावळणाचा घाटरस्ता आणि वरून दिसणारे खाचर या तीन चौकटींवर आजचे बहुतेक हवाई काम भागते.

पावसाळी छायाचित्रणाची तांत्रिक बाजू मात्र खरोखर कसदार झाली आहे. ढगाळ प्रकाशात सावल्या बोथट होतात, पण ओल्या पानांवरची चकाकी हिरवा रंग फिका करते. पोलरायझर फिल्टर ही चकाकी कापतो आणि पानाचा मूळ रंग वर आणतो. त्यावर संगणकात आणखी हिरवा चढवण्याची गरज नसते. तरीही तो चढवला जातो आणि मग आंबोली काय, केरळ काय, सगळे सारखेच दिसू लागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असताना दिसणारे इंद्रवज्राचे रंगीत वर्तुळ टिपण्यासाठी लागणारी चिकाटी या पिढीकडे भरपूर आहे. दमट हवेत लेन्सवर चढणाऱ्या बुरशीशी झुंजायलाही ती शिकली आहे.

कासचे पठार या एकांगीपणाचा उत्तम नमुना आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यात साचणारे पाणी आणि त्यावर बेतलेले फुलांचे आयुष्य असे तिथले गणित आहे. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला, सोनकी यांचे बहर एकामागून एक, काही एकमेकांत मिसळून येतात. म्हणजे एका पावसाळ्यातही पठाराचा रंग अनेकदा पालटतो. छायाचित्रांत बहुधा एकच आठवडा दिसतो, गालिच्याचा. मे महिन्यातला तापलेला, उघडा कातळ कुणी टिपत नाही, आणि तो पाहिल्याशिवाय ही फुले इतकी बुटकी आणि इतकी घाईत का असतात हे कळत नाही.

कोरड्या महिन्यांना दृश्ये नाहीत, हा समज चुकीचा आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते आणि दूरच्या रांगा स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा दरीत बसते, धुके तिथेच अडकते आणि माथे वर उरतात. उन्हाळ्यात गवत गेल्यावर लाव्हाचे थर कड्यांवर उघडे पडतात. दख्खनच्या पठाराची सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची घडण दाखवायला याहून चांगला काळ नाही, आणि कृष्णधवल छायाचित्रणाला तर तो फारच मानवतो. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वदूर गेली. उन्हाळ्यात आटलेले, खारटपणा वाढलेले पाणी आणि त्यात वाढलेले सूक्ष्मजीव हे त्यामागचे कारण होते. इथे ऋतू नुसता सजावट नव्हता, घटनेचे कारण होता.

मेअखेरीस काजव्यांचा हंगाम येतो आणि सोबत प्रामाणिकपणाचा प्रश्नही. अनेक मिनिटांचे, कधी तासांचे एक्सपोजर एकावर एक रचून झाडे चांदण्यांनी लगडलेली दाखवली जातात. ही रचना वैध आहे. मात्र ती एका क्षणाचे दृश्य म्हणून खपवणे वैध नाही. शिवाय त्या ओढीने जमणारी गर्दी आणि तिचे टॉर्च यांनी काजव्यांच्या मीलनसंकेतांत व्यत्यय येतो.

अभयारण्यांत परिस्थिती उलटी आहे. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असतो, तर उन्हाळ्यात पाणवठ्यावरच्या वाघाभोवती सगळे कॅमेरे गोळा होतात. जंगल स्वतः विषय फारसे होत नाही. शहरांतल्या बागा आणि रस्त्यांनी या बाबतीत थोडी भरपाई केली आहे. पळस, काटेसावर आणि पांगारा, मग बहावा आणि ताम्हण यांचे बहर हौशी मंडळी नेमाने टिपतात. विक्रोळीच्या महामार्गालगत फुलणारा गुलाबी टॅबेबुया तर मुंबईकरांचा वार्षिक विषय झाला आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला, हे त्या छायाचित्रांखाली क्वचितच लिहिलेले असते.

या कलेला आज नव्या ठिकाणांपेक्षा जुन्याच ठिकाणी, त्याच कोनातून, बाराही महिने परतणाऱ्या डोळ्याची गरज आहे. त्याला महाग लेन्स लागत नाही. उभे राहण्याची जागा पक्की केलेली असली आणि प्रत्येक चौकटीखाली तारीख असली की पुरे. सुरुवात आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीच्या झुडपांपासून करता येईल. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली आणि प्रत्येक वेळी कॅमेरे धावले. पुढचा मोठा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. पावसातली तिची दाट हिरवी भिंत आणि उन्हाळ्यातल्या उघड्या काठ्या मधल्या वर्षांतही तिथे दिसणार आहेत. हौशी छायाचित्रकारांनी हे काम हाती घ्यावे.